चौथं कडवं

मोजमाप सरांच्या हाती पडलेली कविता धडधाकट परत येत नसे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी ते कवितेचा वर्ग घेत, आणि त्या खोलीत कित्येक कवींनी आपली कविता शेवटची जिवंत पाहिली होती. सर दुष्ट मुळीच नव्हते. ओळ दिसली की त्यांना ती मोजावीशी वाटे, एवढंच. समोरचा माणूस बोलत असला तरी त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत असायची. बायकोने 'अहो, दूध उतू जातंय' म्हटलं तरी आधी बोटं हलत, आणि तेवढ्यात दूध उतू जाई.

वर्गाचा एक रिवाज होता. खाली दाराशी लाकडी पेटी ठेवलेली असे. ज्याला वाटेल त्याने तिच्यात आपली कविता टाकायची, टाइप करून आणि नाव न घालता. ग्रंथपालबाई शनिवारी सकाळी त्यातली एक काढून तिच्या प्रती करत. सर आधी कवितेचा आकार बघणार, मग भाव, आणि तोवर कवीने चारचौघांसारखं बसून राहायचं, हूं की चूं करायचं नाही. शेवटी वाटलं तर उभं राहून 'माझी' म्हणायचं, नाहीतर गुपचूप घर गाठायचं. सालं निघालेल्या कवितेला सहसा कोणी वाली नसे. एकदा मात्र सर एका कवितेवर खूश झाले, तेव्हा दोन माणसं एकदम उभी राहिली होती. त्या दोघांचं अजूनही एकमेकांशी बोलणं नाही.

त्या शनिवारी पेटीतून निघालेली कविता सरांच्या बायकोची होती. ही गोष्ट खोलीत दोघांनाच ठाऊक होती, आणि सर त्या दोघांत नव्हते.

सरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात त्या नंबर तपासत. समोरच्याच्या नाकावर काचा बदलत 'आता बरं दिसतंय, का आधी बरं दिसत होतं?' असं विचारण्यात त्यांचा दिवस जाई. वर्गातले एकूण एक डोळे त्यांनी तपासलेले होते. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वेळ मिळाला की काचांच्या रिकाम्या पाकिटांवर त्या काहीबाही लिहीत. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. लग्न झालं त्या वर्षी मोठ्या हौसेने त्यांनी आपली एक कविता नवऱ्याला दाखवली होती. सरांनी प्रेमाने पेन्सिल हातात घेतली, आणि संध्याकाळपर्यंत त्या कवितेत वहिनींचा स्वतःचा असा एक स्वल्पविराम तेवढा उरला. सर खूश होते. वहिनींनी त्यानंतर त्यांना काही दाखवलं नाही, आणि सरांनीही कधी विचारलं नाही.

मग एके दिवशी दुकानात शेवटगोड आले. हे रेडिओवर निवेदक होते, आता निवृत्त, आणि सरांचे कॉलेजापासूनचे मित्र. आवाज असा की त्यांनी साधा पत्ता विचारला तरी ऐकणाऱ्याला भरून यावं. कवितासुद्धा करत, आणि त्यांची कुठलीही कविता कशीही सुरू झाली तरी शेवटी सूर्य मावळे, दिवा लागे आणि सगळं गोड होई. शेवटगोड हे नाव सरांनीच ठेवलेलं. काचा बदलून घेताना त्यांनी काउंटरवरचं पाकीट उचललं, वाचलं आणि म्हणाले, "वा."

बस, एवढंच. पण वीस-बावीस वर्षांत वहिनींच्या लिहिण्याला कोणी वा म्हटलं नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. शेवटगोड पुढे म्हणाले, "शेवट जरा उघडा पडतोय हो वहिनी. मी बघू का?" वहिनी नको म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते चौथं कडवं घेऊन हजर. ते वाचताना वहिनींच्या दाढा दुखल्या, पण ज्या माणसाने वा म्हटलं त्याला नकार कोणत्या तोंडाने द्यायचा? त्यांनी चारही कडवी टाइप केली आणि पेटीत टाकली.

का टाकली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्या माणसाने आपल्याला कवितेत ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं. जो माणूस ओळ ऐकून कवीचा रक्तदाब सांगतो, त्याला आपल्या घरातली बाई कागदावर ओळखू येते का, ते बघायचं होतं. नाही ओळखलं तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. तो विचार आला की त्या पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारत.

प्रती वाटल्या गेल्या. सरांनी खिसे चाचपले, टेबल चाचपलं, पुस्तकं उचलून बघितली. ग्रंथपालबाईंनी त्यांचा चष्मा खिडकीत होता तो आणून दिला. मग सरांनी कविता मोठ्याने वाचली.

मी गेले नाही, याचं कौतुक नको.
दार उघडंच होतं, चपला समोर होत्या.
पण निघायचं म्हटलं की नेमका
तुझा चष्मा सापडत नसायचा.

मी कोणाकडे पाहिलंच नाही असं नाही.
एकाचे खांदे बरे होते, एकाचं हसणं.
पण त्यांच्या चहात साखर किती,
हे पुन्हा पहिल्यापासून शिकायचं कोणी?

एकनिष्ठ म्हणतात मला. म्हणू देत.
खरं विचारशील तर थोडा आळस आहे,
थोडी तुझ्या घोरण्याची सवय,
आणि बाहेर फार शांत असतं.

म्हणून हे सख्या, युगायुगांच्या वाटेवरी
तुझ्याच पाउलांची मी सावली होईन,
मावळतीच्या सोनसळी त्या लाटेवरी
प्रीतीचा नंदादीप तेवत राहीन.

खोलीत पहिल्या कडव्यालाच खुसफुस सुरू झाली होती. दुसरं कडवं संपेपर्यंत मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी तोंडात रुमाल कोंबला. घोरण्यापाशी तर दातांच्या डॉक्टरांनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. वहिनी दुसऱ्या रांगेत ताठ बसून होत्या. सर कागदावरून मान वर करतील, आपल्याकडे बघतील, निदान थोडे गोंधळतील, म्हणून त्यांचे डोळे सरांच्या तोंडावर खिळले होते.

सरांनी मान वर केली. "आता, या कवितेतला नवरा," ते म्हणाले, "अगदी ठोंब्या आहे."

खोली हसली. सरांना वाटलं आपला विनोद जमला, म्हणून त्यांना आणखी चेव आला. "चष्मा सापडत नाही, घोरतो, बाई दाराशी उभी आहे त्याचा पत्ता नाही. अशा माणसाबरोबर ही राहिली कशी, हाच खरा प्रश्न आहे. पण तो भावाचा भाग झाला. आपण आधी आकार बघू."

वहिनींना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. बाकी खोलीने आपल्याला पहिल्याच कडव्यात ओळखलं हे त्यांना दिसत होतं. डॉक्टरांनी ओळखलं, ग्रंथपालबाईंनी ओळखलं, त्या मागच्या पोरींनीही ओळखलं. ज्याच्यासाठी लिहिलं तो गडी फळ्यावर कविता उतरवून तिच्याभोवती चौकोन आखत होता.

मात्र आकार सांगायला लागले की सर खरंच वेगळे होत. "हे बघा," त्यांनी खडूने तिसरी ओळ अधोरेखित केली. "पहिल्या कडव्यात तिसऱ्या ओळीला 'पण' आहे. दुसऱ्यातही तिसऱ्या ओळीला 'पण'. म्हणजे बाई दोन पावलं दाराकडे जाते आणि या 'पण'ला अडखळून परत येते. आता तिसरं कडवं. 'पण' कुठे आहे?"

"नाहीये, सर," मागची एक मुलगी म्हणाली.

"नाहीये. सबबी संपल्या. आता तिला खरं बोलावं लागतं, आणि खरं बोलताना ती काय म्हणते? आळस. सवय. निष्ठा हा शब्द तिने दुसऱ्यांच्या तोंडी घातला, स्वतः घेतला नाही. आणि शेवटची ओळ तर चक्क खाली ठेवून दिली आहे. पोह्यांच्या बशीसार-" सर उपमा द्यायला गेले आणि थांबले. "नको. तिला उपमा नको. या पेटीतून इतक्या वर्षांत निघालेल्या कवितांत ही तीन कडवी सगळ्यांत चांगली आहेत."

एवढं बोलून सरांनी खडू खाली ठेवला. सर खडू खाली ठेवत नसत. वहिनींचं काळीज सुपाएवढं झालं. ओळखलं नाही तर नाही, पण हे शब्द आपल्यासाठी आहेत, हे त्यांनी मनाशी घट्ट धरून ठेवलं.

"आणि मग हे चौथं," सर म्हणाले, आणि खडू पुन्हा उचलला.

पहिल्या रांगेत शेवटगोड सावरून बसले.

"तीन कडवी बाई साध्या चपला घालून चालते आहे. चौथ्यात एकदम पाउलं, तीही युगायुगांच्या वाटेवर. तीन कडव्यांत एक यमक नाही, इथे दर ओळीला यमक. 'वाटेवरी'ला जोड हवी म्हणून बिचाऱ्या दिव्याला लाटेवर ठेवलाय. पाण्यात तेवेल कसा तो? आणि सख्या कोण? आत्तापर्यंत घोरत होता तो सख्या?" सर खोलीकडे वळले. त्यांचा चेहरा खुलला होता. "मंडळी, हे कडवं या बाईचं नाही. हा दुसरा हात आहे. पुरुषाचा. आणि त्याला सूर्य मावळल्याशिवाय झोप येत नाही."

सगळ्यांनी पहिल्या रांगेकडे न बघायची शिकस्त केली.

"मजा बघा," सरांना राहवेना. "कविता निष्ठेवर. आणि शेवटच्या कडव्यासाठी बाई गेली दुसऱ्याकडे. त्यापेक्षा त्या खांदेवाल्याबरोबर गेली असती तर परवडलं असतं. माणूस खांद्यांना भुलतो, समजू शकतं. पण स्वतःची ओळ परक्याच्या हातात देणं, याला मी व्यभिचार म्हणतो."

वहिनींचे कान तापले. आता उभं राहिलं तर चव्हाट्यावर ती व्यभिचारिणी आपण. नाही उभं राहिलं तर कविता अनाथ. त्यांनी पर्स उघडली, बंद केली. उठायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. चांगले शब्द कानांनी ऐकले, तेवढे पुरे, घरी जाऊन चहा टाकू.

तेवढ्यात शेवटगोड उभे राहिले.

"कविता माझी आहे," ते आपल्या त्या आवाजात म्हणाले.

वहिनींना वाचवायला ते उठले की स्वतःच्या कडव्याचे धिंडवडे सहन न होऊन उठले, हे वहिनींना कधीच कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

"तुमची?" सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चारही?"

"चारही," शेवटगोड म्हणाले. एकदा खोटं बोललं की चौथ्या हिश्शावर थांबता येत नाही.

सर मित्राकडे बघत राहिले. मग जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सर फळ्यापासून चालत पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"मग मी इतकी वर्षं तुमच्यावर अन्याय केला," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. "पहिल्या तीन कडव्यांसाठी मी तुमची माफी मागतो. हे मला कधी जमलं नसतं. ज्या कोणाला असं लिहिता येतं त्याच्या कवितेवर मी पेन्सिल चालवायला नको होती."

शेवटगोडांनी हात हातात घेतला. सोडवेना त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी त्यांना मानलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यभिचार चालला असता. ठोंब्या नवराही चालला असता, तो त्यांनीच निवडला होता. पण ही माफी, जिची त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाट बघितली, जी त्यांच्या नावाने यायची होती, ती डोळ्यांदेखत एका सूर्यास्तवाल्याच्या हातात जात होती. त्या उठल्या.

"तो हात सोडा त्यांचा," त्या शेवटगोडांना म्हणाल्या. "पहिली तीन कडवी माझी आहेत."

शेवटगोडांनी हात सोडला, आणि सुटल्यासारखे मटकन खाली बसले. सर तसेच, हात पुढे धरून.

"तुझी?"

"माझी."

सरांनी टेबलावरचा कागद उचलला. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी कविता पहिल्यापासून वाचायला घेतली, मनातल्या मनात, पण ओठ हलत होते. चष्म्यापाशी त्यांनी डोळ्यांवरच्या चष्म्याला हात लावून बघितला. साखरेपाशी कान लाल झाले. मग त्यांनी मान वर केली.

"मी घोरत नाही," ते म्हणाले.

"सर," दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "मी तुमच्या खालच्या मजल्यावर राहतो."

यावर वर्ग जो फुटला तो आवरेना. ग्रंथपालबाईंनी टेबलावर डस्टर आपटलं, पण त्यांचंच हसू थांबत नव्हतं. सर फळ्याकडे गेले आणि चौथं कडवं पुसायला त्यांनी डस्टर उचललं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते वहिनींपुढे धरलं. वहिनींनी फळा पुसला. चौथं पूर्ण पुसलं, आणि सरांनी कडेला लिहून ठेवलेले मात्रांचे आकडेही पुसले. सरांनी ते पाहिलं आणि मूग गिळून बसले. शेवटगोड आपला कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "ते एक कडवं मग मी वापरू ना कुठे?" वहिनी म्हणाल्या, "खुशाल."

घरी जाताना दोघं फुटपाथवरून चालत होते. दुकानं उघडी होती, एका दारात एक माणूस स्टुलावर चढून पाटी पुसत होता. सरांची बोटं आज काही मोजत नव्हती.

"खांदे कोणाचे?" शेवटी सर म्हणाले.

"आहेत एकाचे. नंबर तपासायला येतो."

"आणि हसणं?"

"ते दुसऱ्याचं."

सरांनी मान डोलावली. "ते जाऊ दे," ते म्हणाले. "खांद्यांचं मला काही नाही. पण कडवं तू शेवटगोडांकडे का नेलंस? मी घरात होतो."

वहिनी आता काही झाकणार नव्हत्या. "ते वा म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेन्सिल घेतली असतीत. तुमच्या हातून परत आलं की ते माझं राहत नाही. एकदा दिलं होतं, आठवतं का?"

सरांना आठवत नव्हतं. आठवतंय असं ते म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "नाही आठवत," ते म्हणाले, आणि त्यांचं तोंड उतरलं.

चौकात गाड्या थांबायची वाट बघत ते दोघं कडेला उभे राहिले.

"वर्गात भाव राहूनच गेला," सर म्हणाले. "आकारातच गोंधळ झाला सगळा."

"मग सांगा की. मला हूं की चूं करायची आता बंदी नाही."

गाड्या थांबल्या, माणसं पलीकडे गेली, गाड्या सुटल्या, तरी ते तिथेच.

"मी वर्गात म्हणणार होतो की भाव खट्याळ आहे," ते म्हणाले. "तो आहेच. पण तो वरवरचा आहे. तीनही कडव्यांत ती दाराशी उभी आहे. पहिल्यात दार उघडं, दुसऱ्यात बाहेरची माणसं, तिसऱ्यात बाहेरची शांतता. ज्याला खरंच जायचं असतं तो इतक्या वेळा दार दाखवत नाही, तो जातो. हिला जायचं नाहीये. हिला भीती वाटते आहे."

"कसली?"

"आपण गेलो तर आतल्या माणसाच्या लक्षात येईल का, याची."

इतकी वर्षं ज्या गोष्टीला वहिनींनी स्वतःशीही नाव दिलं नव्हतं, ती या माणसाने भर चौकात सरळ सांगून टाकली होती. त्यांचे डोळे भरून आले. रागही तितकाच आला.

"बरोबर आहे का?" सरांनी विचारलं. वर्गात ते असं कधी विचारत नसत.

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "हे तुम्हाला आज कळलं?"

"आज कविता समोर होती."

"मी रोज होते," वहिनी म्हणाल्या, आणि गाड्या थांबल्या तशा रस्ता ओलांडायला निघाल्या.